श्वासाची मात्रा : कृत्रिम श्वसनयंत्राची पहिली मांडणी

विलेपार्ल्याच्या पश्चिमेस नानावटी आणि कूपर ही मोठी रुग्णालये आहेत. त्यांच्या आसपास, आणि रुळांच्या पूर्वेसही, लहान-मोठी अनेक शुश्रूषागृहे आहेत. मुंबईच्या उपनगरांतील अशा शुश्रूषागृहांत रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला आर.एम.ओ., हा पुष्कळदा आयुर्वेदाचा पदवीधर असतो, ही गोष्ट आता कोणाला नवी नाही. २०२० च्या साथीत गोरेगावच्या नेस्को संकुलात व वांद्रे-कुर्ला संकुलात उभारलेल्या तात्पुरत्या कोविड केंद्रांतही आपले अनेक स्नातक रुग्णशय्येपाशी उभे होते. अतिदक्षता विभागाचे तज्ज्ञ दूरध्वनीवर असतात, भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालून पुढच्या शस्त्रक्रियेस निघून जातात, आणि यंत्राच्या पडद्यावरील आकड्यांसमोर उरतो तो आपला वैद्य. त्या पहिल्या तासात यंत्रावर कोणते आकडे आहेत आणि ते का आहेत, हे त्याला उमगते की नाही, यावर रुग्णाचे पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच विषयाचा विचार करणार आहोत. व्हेंटिलेटरची पहिली मांडणी कशी ठरते, आणि ती ठरविताना कोणती गोष्ट सर्वाधिक वेळा विसरली जाते, एवढाच या लेखाचा आवाका आहे.

आरंभीच शब्दांविषयी एक खुलासा करावा लागेल. व्यवहारातील मराठीत 'प्राणवायू' म्हणजे ऑक्सिजन. आपल्या शास्त्रात मात्र प्राणवायू हा वाताच्या पाच प्रकारांपैकी एक आहे. दोन्ही अर्थ एकाच लेखात आले तर घोटाळा होईल. यास्तव येथे आम्ही सर्वत्र ऑक्सिजन हाच शब्द योजला आहे.

यंत्राचा श्वास उलटा असतो

आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकते, छाती फुलते, आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. यंत्र याच्या नेमके उलट करते. ते दाब देऊन हवा आत ढकलते. या एका फरकातून दोन परिणाम संभवतात. पहिला असा की, ढकललेली हवा प्रमाणाबाहेर असेल तर फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश ताणले जाऊन त्यांना इजा होते. दुसरा असा की, छातीतील दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब उतरतो. नळी घालून यंत्र जोडल्यावर काही मिनिटांत रक्तदाब पडलेला आपण पाहतो, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. भुलीच्या औषधांचा आणि शरीरातील द्रवक्षयाचा वाटा त्यात मिळतो.

ही पद्धत रूढ होण्यामागे एक साथ आहे. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचविले की, मानेतून श्वासनलिकेस छिद्र पाडून नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी. त्याच्या मते रुग्ण दगावत होते ते रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. त्वचेचा रंग ऑक्सिजनने सुधारलेला दिसला तरी आतील साठा वाढतच होता. यंत्रे पुरेशी नव्हती, तेव्हा सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम बहुतेक अभ्यासक येथेच मानतात. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. फरोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर केलेले काम याच परंपरेतील आहे. अतिदक्षता वैद्यकाची भारतीय संघटनाही १९९३ साली मुंबईतच स्थापन झाली.

त्या विद्यार्थ्यांना पिशवी दाबताना फुप्फुसाचा प्रतिसाद हाताला कळत होता. आज बटण फिरवताना तो कळत नाही. म्हणून मोजमाप अधिक काटेकोर हवे.

सर्वांना पाचशेच का?

अनेक ठिकाणी पहिली मांडणी पाठांतराने होते. 'पाचशे, चौदा, पाच, शंभर' असा तो पाठ आहे. याचा अर्थ असा की, प्रत्येक श्वासाला ५०० मि.लि. हवा, मिनिटाला १४ श्वास, श्वास सोडून झाल्यावर फुप्फुसात राखायचा दाब ५ सें.मी. पाणी आणि ऑक्सिजन १०० टक्के. यातील चौदा, पाच आणि शंभर हे आकडे आरंभासाठी बहुधा चालून जातात. खरी चूक होते ती पहिल्या आकड्यात. प्रत्येक श्वासाच्या हवेच्या या मापास टायडल व्हॉल्यूम म्हणतात. हीच श्वासाची मात्रा होय.

औषधाची मात्रा रुग्ण पाहून ठरवावी, हे वैद्याला सांगावे लागत नाही. मग हवेची मात्रा सर्वांना सारखी कशी असेल? आता प्रश्न असा की, ती कशावरून ठरवावी? साहजिक उत्तर येते वजनावरून. तेथेच घसरण होते. माणूस स्थूल झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. सत्तर किलोचा मनुष्य नव्वद किलोचा झाला तरी त्याच्या छातीतील वायुकोश तेवढेच राहतात. फुप्फुसाचा आकार ठरतो तो उंचीवरून आणि स्त्री-पुरुष भेदावरून. म्हणून उंचीवरून काढलेले एक अपेक्षित वजन धरतात आणि त्या वजनाच्या दर किलोस ६ ते ८ मि.लि. अशी मात्रा देतात. त्याचे सूत्र असे :

पुरुष : ५० + ०.९१ × (सेंटिमीटरमधील उंची − १५२.४)
स्त्री : ४५.५ + ०.९१ × (सेंटिमीटरमधील उंची − १५२.४)

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पार्ल्यातील एका सोसायटीत राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजींना न्यूमोनिया झाला आहे. त्यांची उंची १५० सें.मी. आणि वजन ७८ किलो आहे. सूत्राप्रमाणे त्यांचे अपेक्षित वजन येते सुमारे ४३ किलो. त्यांची मात्रा झाली २६० ते ३५० मि.लि. पाठांतराचे ५०० मि.लि. लावले तर दर किलोस साडेअकरा मि.लि. पडतात. प्रत्यक्ष वजन धरून किलोस ८ मि.लि. दिले तर आकडा ६२४ वर जातो, म्हणजे अपेक्षित वजनाच्या किलोमागे चौदाहून अधिक. शेजारच्या शय्येवर १७० सें.मी. उंचीचे गृहस्थ असतील, तर त्यांचे अपेक्षित वजन ६६ किलो. त्यांना तेच ५०० मि.लि. दर किलोस साडेसात पडतात आणि ते मर्यादेत बसतात. एकच आकडा एकास हितकर आणि दुसऱ्यास घातक ठरतो तो असा.

साडेअकरा हा आकडा किती गंभीर आहे, हे २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासावरून कळते. ए.आर.डी.एस., म्हणजे दोन्ही फुप्फुसे तीव्र दाहाने भरून येण्याची अवस्था असलेल्या ८६१ रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. एका गटास अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ मि.लि. हवा दिली, दुसऱ्यास ६. मोठ्या मात्रेच्या गटात मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्के राहिले, लहान मात्रेच्या गटात ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की, अभ्यास मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ श्वासाची मात्रा कमी केल्याने शंभरांमागे जवळजवळ नऊ जीव अधिक वाचले. आपल्या कल्पित आजींना आपण नकळत त्या अभ्यासातील पहिल्या गटात ढकललेले असते.

भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सें.मी. आहे. म्हणजे 'सर्वांना पाचशे' या पाठाचा सर्वाधिक उपद्रव आपल्याकडील स्त्रियांनाच होणार. स्त्रियांना आणि कमी उंचीच्या रुग्णांना प्रमाणाबाहेर मोठे श्वास दिले जातात, हे परदेशांतील निरीक्षणांतही वारंवार आढळले आहे.

उंची कोणी मोजली?

रुग्णपत्रिकेवर वजन असते, रक्तदाब असतो. उंचीचा रकाना बहुधा कोरा असतो. बेशुद्ध रुग्णाला उभे करता येत नाही, हे खरे. परंतु त्याला सरळ उताणे निजवून डोक्याच्या माथ्यापासून टाचेपर्यंत टेपने मोजता येते. शिंप्याकडील साधी टेप १५० सें.मी. लांब असते. ती संपेल तेथे चादरीवर खूण करून पुढचे माप घ्यावे. पाय आखडलेले असतील, किंवा वार्धक्याने पाठीस बाक आला असेल, तर हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरून उरोस्थीच्या वरच्या खाचेच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे. येणारे माप उंचीच्या जवळपास असते. बाक आलेल्या वृद्धांत तर ते अधिक विश्वसनीय ठरते, कारण पाठ वाकली तरी फुप्फुसे तरुणपणीच्या उंचीच्या मानाने घडलेली असतात. नातेवाइकांना विचारणे हा शेवटचा उपाय होय. ते बहुधा उंची वाढवून सांगतात.

प्रत्येक वेळी सूत्र मांडण्याची गरज पडू नये म्हणून पुढील आकडे कागदावर लिहून यंत्रावर चिकटवून ठेवावेत. प्रत्येक ओळीत उंची, अपेक्षित वजन आणि किलोमागे ६ ते ८ मि.लि. प्रमाणे येणारी मात्रा अशा क्रमाने ते दिले आहेत.

स्त्री, १४५ सें.मी. : ३९ किलो : २३० ते ३१० मि.लि.
स्त्री, १५० सें.मी. : ४३ किलो : २६० ते ३५० मि.लि.
स्त्री, १५५ सें.मी. : ४८ किलो : २९० ते ३८० मि.लि.
स्त्री, १६० सें.मी. : ५२ किलो : ३१० ते ४२० मि.लि.
पुरुष, १६० सें.मी. : ५७ किलो : ३४० ते ४६० मि.लि.
पुरुष, १६५ सें.मी. : ६१ किलो : ३७० ते ४९० मि.लि.
पुरुष, १७० सें.मी. : ६६ किलो : ४०० ते ५३० मि.लि.
पुरुष, १७५ सें.मी. : ७१ किलो : ४२० ते ५६० मि.लि.

पहिली मांडणी क्रमाक्रमाने

प्रथम श्वासाचा प्रकार, म्हणजे मोड. आरंभी प्रत्येक श्वासाला यंत्राने पूर्ण आधार द्यावा असा, ठरावीक मापाचा असिस्ट-कंट्रोल मोड बहुतेक ठिकाणी वापरतात. रुग्णाने स्वतः श्वासाचा प्रयत्न केला तर यंत्र साथ देते, न केला तर ठरलेल्या गतीने श्वास देते. ज्या मोडचा संपूर्ण चमूला सराव आहे, तोच अशा वेळी उत्तम.

दुसरी मात्रा. ती वर सांगितल्याप्रमाणे उंचीवरून घ्यावी. फुप्फुसे निरोगी असतील तर किलोमागे ८ मि.लि.पर्यंत जाण्यास हरकत नसते. ए.आर.डी.एस. असेल, किंवा त्याची शंका असेल, तर सहाच धरावी.

तिसरी गती. सामान्यतः मिनिटाला १४ ते १६ श्वास. मात्रेला गतीने गुणले की मिनिटभराची एकूण हवा मिळते. ती अपेक्षित वजनाच्या किलोमागे सुमारे १०० मि.लि. असावी, हा आरंभीचा ढोबळ हिशेब. मात्रा लहान ठेवली की गती वाढवून भरपाई करावी लागते. ए.आर.डी.एस.मध्ये ती वीस ते तीस, प्रसंगी पस्तीसपर्यंत न्यावी लागते.

चौथा ऑक्सिजन. नळी घातल्यावर १०० टक्क्यांनी आरंभ करणे योग्य. मात्र तो आकडा रात्रभर तसाच राहू नये. सॅच्युरेशन स्थिरावले की पायरीपायरीने उतरवून ६० टक्क्यांखाली आणावा. सॅच्युरेशन ९२ ते ९६ टक्के असले की पुरेसे आहे. दीर्घकालीन धूम्रपानाने फुप्फुसे निकामी झालेल्या, म्हणजे सी.ओ.पी.डी.च्या रुग्णास ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठेवतात. पडद्यावर १०० दिसले की नातेवाईक सुखावतात. पण अतिरिक्त ऑक्सिजनही फुप्फुसांस अपाय करतो.

पाचवा पीप. श्वास सोडून झाल्यावर वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून राखलेला हा दाब. आरंभ ५ सें.मी. पाण्याने करावा. स्थूल रुग्णास व ए.आर.डी.एस.मध्ये तो अधिक लागतो, परंतु वाढविताना प्रत्येक पायरीवर रक्तदाब पाहावा.

सहावे श्वास घेणे आणि सोडणे यांच्या काळाचे प्रमाण. सामान्यतः ते एकास दोन असते.

सातवी गोष्ट धोक्याच्या घंटांची, म्हणजे अलार्मची. गोंगाट नको म्हणून अलार्म बंद करण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती जीवघेणी आहे. दाबाची वरची सीमा, मिनिटभराच्या हवेची खालची सीमा आणि नळी सुटल्याचा इशारा हे तिन्ही प्रत्येक पाळीच्या आरंभी तपासावेत.

रोग पाहून मात्रा

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार वर्णिले आहेत. ते भेद आजच्या निदानांशी एकास एक जुळविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सगळे श्वासकष्ट एकसारखे नसतात आणि श्वास कसा चालला आहे हे पाहूनच पुढे जावे, ही दृष्टी आपल्याला विद्यार्थिदशेतच मिळालेली असते. ती यंत्रापाशी सोडून देऊ नये. तीन प्रसंग विशेष ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रसंग दम्याच्या तीव्र वेगाचा आणि सी.ओ.पी.डी.चा. येथे हवा आत जाते, पण बाहेर येण्यास वेळ लागतो. ती पुरती बाहेर येण्यापूर्वीच यंत्राने पुढचा श्वास ढकलला की छातीत हवा साचत जाते, हृदय दबते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून येथे गती मुद्दाम कमी, म्हणजे मिनिटाला १० ते १२ ठेवतात, श्वास सोडण्यास एकास चार इतका अवधी देतात आणि पीप अल्प ठेवतात. कार्बन डायऑक्साइड थोडा चढलेला काही काळ सोसला जातो. रक्ताचा पीएच ७.२० च्या वर असेपर्यंत तज्ज्ञ बहुधा घाई करीत नाहीत. अशा रुग्णाचा रक्तदाब अकस्मात कोसळल्यास यंत्राची जोडणी काही सेकंद सोडून छातीतील साचलेली हवा बाहेर पडू द्यावी. त्यानेही सुधारणा न झाल्यास फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका घेऊन तत्काळ तज्ज्ञास बोलवावे.

दुसरा प्रसंग रक्तातील आम्लतेचा. मधुमेहातील कीटोआम्लता किंवा मूत्रपिंडाचा बिघाड असलेला रुग्ण मिनिटाला तीस-पस्तीस खोल श्वास घेत असतो. हा त्याच्या शरीराने चालविलेला बचाव आहे. आम्लता तो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड टाकून सावरीत असतो. त्याला औषधांनी शिथिल करून यंत्रावर मिनिटाला चौदा श्वास लावले तर तो बचाव आपणच मोडतो. पीएच झपाट्याने घसरतो आणि हृदय थांबू शकते. येथे मात्रा आठच्या जवळ आणि गती २८ ते ३० ठेवून पंधरा-वीस मिनिटांत रक्तवायूंची तपासणी करावी लागते. नळी घालण्यापूर्वी रुग्ण मिनिटाला किती श्वास घेत होता, हे पत्रिकेत नोंदविलेले असले तर ही आपत्ती पुष्कळदा टळते.

तिसरा प्रसंग निरोगी फुप्फुसांचा. मण्यारचा दंश, कीटकनाशकाची विषबाधा किंवा मज्जारज्जूच्या विकाराने आलेले लुळेपण यांत फुप्फुसे धड असतात, निकामी झालेले असतात ते श्वासाचे स्नायू. मात्रा आठच्या जवळपास, गती बारा ते चौदा आणि ऑक्सिजन अल्प एवढ्यावर भागते. असा रुग्ण डोळे उघडू शकत नाही, हातपाय हलवीत नाही, पण पुष्कळदा सर्व ऐकत असतो. त्याला बेशुद्ध समजून शय्येपाशी काहीबाही बोलू नये.

पहिला अर्धा तास

पहिली मांडणी हा अनुमानाने केलेला आरंभ असतो. तिची परीक्षा रुग्ण घेतो, आणि तीही लवकर. यंत्र लावून खुर्चीकडे वळण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. दोन्ही बाजूंची छाती सारखी उठते काय? नळी दातांपाशी कोणत्या खुणेवर आहे? सामान्यतः स्त्रीस २१ आणि पुरुषास २३ सें.मी. असते. सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारे उपकरण असल्यास नळी श्वासनलिकेतच असल्याची खात्री त्यानेच करावी. रक्तदाब दर दोन-तीन मिनिटांनी घ्यावा. शय्येची डोक्याकडील बाजू तीस अंश वर असावी.

त्यानंतर यंत्रावरील इन्स्पिरेटरी होल्डचे बटण दाबून श्वासाच्या अखेरचा स्थिर दाब, म्हणजे प्लॅटो प्रेशर मोजावे. रुग्ण त्या क्षणी जोर लावीत नसला तरच हे माप खरे येते. ते ३० सें.मी. पाण्यापेक्षा अधिक असेल तर मात्रा अजूनही मोठी आहे असे समजून किलोमागे एकेक मि.लि.ने उतरवावी. श्वासमार्गातील कमाल दाब पुष्कळ आणि प्लॅटो मर्यादेत असेल, तर दोष वाटेत आहे. कफ, चावलेली नळी किंवा श्वासनलिकांचा आकुंच शोधावा. दोन्ही वाढले असतील तर दोष फुप्फुसात किंवा छातीत आहे.

वीस ते तीस मिनिटांनी धमनीतील रक्तवायूंची तपासणी. कार्बन डायऑक्साइड चढला असेल तर मात्रा वाढविण्याचा मोह टाळून गती वाढवावी. हिशेब साधा आहे : आताची गती गुणिले आताचा कार्बन डायऑक्साइड, भागिले हवा असलेला कार्बन डायऑक्साइड. गती १४, आताचा ६० आणि हवा असलेला ४० असेल, तर नवी गती २१. दम्याच्या रुग्णास हा हिशेब लावू नये, हे वरील विवेचनावरून लक्षात येईलच. ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजनची टक्केवारी किंवा पीप, या दोहोंपैकी काय वाढवावे हे तज्ज्ञास विचारावे.

सॅच्युरेशन एकाएकी घसरले तर चार कारणे क्रमाने आठवावीत : नळी सरकली, नळी तुंबली, छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली, यंत्र बिघडले. पहिली कृती एकच. रुग्णास यंत्रापासून सोडवून अ‍ॅम्बू बॅगने पूर्ण ऑक्सिजनवर श्वास द्यावा. सुधारला तर दोष यंत्रात. न सुधारल्यास तो नळीत किंवा छातीत शोधावा.

अ‍ॅम्बू बॅगेविषयी पार्लेकरांस वेगळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी आपल्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांतील अनेक भाग अंधारात बुडाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, साथ भरात असताना, मुंबई महानगराचा वीजपुरवठा सकाळी अकस्मात बंद पडला. जनित्र आहे, यंत्रात बॅटरी आहे, हे सर्व खरे. तथापि जनित्र कधी चालवून पाहिले आणि बॅटरी प्रत्यक्षात किती मिनिटे टिकते, हे पाळीवरील माणसाला ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक व्हेंटिलेटरच्या उशाशी स्वतंत्र अ‍ॅम्बू बॅग टांगलेली असावी, कपाटात कुलूपबंद नसावी.

आपली मर्यादा आणि आपले कर्तव्य

हा लेख वाचून कोणी व्हेंटिलेटरचा तज्ज्ञ होणार नाही, आणि व्हावे अशी आमची अपेक्षाही नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ आणि त्याखालील अधिसूचना यांनी आपल्या व्यवसायाची चौकट आखली आहे. आयुर्वेद पदवीधराने आधुनिक औषधे वापरावीत की नाही, हे राज्याच्या कायद्याने दिलेल्या मान्यतेवर अवलंबून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्पष्ट केले आहे. व्हेंटिलेटरचा निर्णय आणि त्याची मांडणी ही तज्ज्ञाचीच जबाबदारी होय. तज्ज्ञाच्या सूचनेवाचून स्वतःच्या नावावर तो भार घेणे रुग्णाच्या हिताचे नाही आणि आपल्याही नाही.

परंतु मर्यादा म्हणजे अज्ञानाची मुभा नव्हे. दूरध्वनीवरील तज्ज्ञाला आपण काय सांगतो, यावर त्याची सूचना अवलंबून असते. "सर, पेशंट लावला आहे, सॅच्युरेशन ९८ आहे," एवढेच सांगितले तर तोही 'बरे' म्हणून झोपी जाईल. याउलट, "उंची १५० सें.मी., अपेक्षित वजन ४३ किलो, मात्रा ३००, गती १८, पीप ५, ऑक्सिजन ६० टक्के, प्लॅटो २४, नळीपूर्वी श्वास ३२ होते, रक्तदाब ११० वर ७०," असे सांगणाऱ्या वैद्याशी तो बरोबरीने बोलेल आणि हवा तो बदल त्याच क्षणी सुचवील. तोंडी मिळालेली सूचना वेळेसह पत्रिकेत लिहून ठेवावी आणि सकाळी त्यावर तज्ज्ञाची स्वाक्षरी घ्यावी.

पार्ल्यातील अनेक घरांत आज वृद्ध दांपत्य एकटे असते आणि मुले परदेशी. रात्री दोन वाजता दूरध्वनीवरून विचारले जाते, "एकदा व्हेंटिलेटरवर ठेवले की माणूस परत येत नाही, असे म्हणतात, खरे का?" यावर सरसकट उत्तर नाही. मण्यारच्या दंशाचा रुग्ण बहुधा पूर्ण बरा होऊन घरी जातो. जीर्ण व्याधींनी खंगलेल्या नव्वदीतील रुग्णाविषयी तसे म्हणता येत नाही. रुग्णाने पूर्वी आपली इच्छा लिहून ठेवली आहे काय, हे विचारण्यास संकोच करू नये. अशा इच्छापत्रास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सुलभ केली. मात्र ही चर्चा तज्ज्ञाच्या उपस्थितीत व्हावी. यंत्र हे आधार देते, रोग बरा करीत नाही. रोगाला उतार पडेपर्यंतचा वेळ ते मिळवून देते, एवढे नातेवाइकांस शांतपणे सांगणे आपल्या हाती आहे.

आमच्या वैद्यबंधू-भगिनींना शेवटी एवढीच विनंती आहे. आपण ज्या अतिदक्षता विभागात पाळी करीत असाल, तेथे एक मोजपट्टी ठेवावी, वर दिलेले आकडे यंत्रावर लावावेत आणि रुग्णपत्रिकेत उंचीचा रकाना नसल्यास तो हाताने आखावा. खर्च नगण्य आहे आणि परवानगी सहज मिळण्यासारखी आहे. पुढचा रुग्ण येईल तेव्हा यंत्राकडे हात जाण्यापूर्वी टेपकडे जावा. मात्रा त्यानंतर.